मॅटच्या हिशेबात मागील तोटा आणि घसारा कसा वजा करावा

अनेक वर्षे तोट्यात असलेली कंपनी पहिल्यांदा नफ्यात येते, नेहमीच्या आकारणीत मागील तोट्यामुळे कर शून्य होतो आणि तरीही मॅट, म्हणजे किमान पर्यायी कर, भरावा लागतो. आयकर कायदा १९६१ च्या कलम ११५जेबीनुसार, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या हिशेबांत, पुस्तकी नफ्याच्या (हिशेबपुस्तकांतील नफ्यात कायद्याने सांगितलेले फेरफार करून येणाऱ्या रकमेच्या) १५ टक्के, अधिक अधिभार आणि ४ टक्के उपकर, हा किमान कर आहे. कलम ११५बीएए चा सवलतीच्या कराचा पर्याय स्वीकारलेल्या कंपन्यांना मॅट लागू नाही. त्यांना पुढील आकडेमोडीची गरज नाही.

पुस्तकी नफ्यातून मागील तोटा आणि शिल्लक घसारा हे दोन्ही वजा होत नाहीत. त्यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच वजा होते आणि दोहोंपैकी एक शून्य असेल तर वजावटही शून्य. आकडे कंपनीच्या हिशेबपुस्तकांतलेच हवेत. सर्वांत जास्त चुका येथेच होतात, कारण विवरणपत्राच्या तक्त्यात तयार असलेला पुढे ओढायचा तोटा सोयीचा म्हणून उचलला जातो. तो तोटा आयकरातील घसाऱ्याच्या दरांवर बेतलेला असतो आणि त्याला आठ वर्षांची मर्यादा असते. पुस्तकांतील तोट्याला ती मर्यादा नाही.

म्हणून लेखापरीक्षण झालेली जुनी नफा-तोटा पत्रके काढावीत आणि प्रत्येक वर्षाच्या तोट्यातून त्या वर्षीचा घसारा बाजूला काढावा. तरीही तोटा उरला तर उरलेली रक्कम हा त्या वर्षाचा तोटा आणि सगळा घसारा शिल्लक घसारा. घसारा बाजूला काढल्यावर नफा दिसला, तर तोटा शून्य आणि घसाऱ्याचा जेवढा भाग त्या नफ्यात बसला नाही तेवढाच शिल्लक.

समजा, पहिल्या वर्षी घसाऱ्यापूर्वीचा तोटा ४० लाख रुपये आणि घसारा २५ लाख. दुसऱ्या वर्षी घसाऱ्यापूर्वीचा नफा १० लाख आणि घसारा २२ लाख, म्हणजे तोटा काही नाही, शिल्लक घसारा १२ लाख. तिसऱ्या वर्षी सगळा घसारा वजा होऊन ९० लाखांचा नफा झाला आणि पुस्तकी नफ्यासाठी इतर फेरफार नाहीत. एकत्रित बेरीज घेतली तर तोटा ४०, घसारा ३७. वजावट ३७ लाख, पुस्तकी नफा ५३ लाख. वर्षागणिक तुलना केली तर पहिल्या वर्षाचे २५ आणि दुसऱ्याचे शून्य. पुस्तकी नफा ६५ लाख. फरक १२ लाखांचा, म्हणजे अधिभार आणि उपकर सोडून १ लाख ८० हजार रुपये कराचा. या दोन पद्धतींवरून वाद झालेले आहेत. म्हणून दोन्ही रकाने मांडावेत, निवडलेल्या पद्धतीचे कारण लिहून ठेवावे आणि सोयीप्रमाणे ती दरवर्षी बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच उदाहरणात चौथ्या वर्षी, मॅटमध्ये ३७ लाखच वापरले म्हणून उरलेले ४० लाख पुन्हा मागता येतील असे वाटते. तसे होत नाही, कारण एकूण ७७ लाखांचा संचित तोटा तिसऱ्या वर्षीच्या ९० लाखांच्या नफ्याने पुस्तकांतून पुसला गेला आहे. भागभांडवल घटवून संचित तोटा निर्लेखित केलेल्या (पुस्तकांतून काढून टाकलेल्या) कंपनीनेही वजावट मागण्यापूर्वी हा मुद्दा नीट तपासावा.

दिवाळखोरी संहितेखाली जिच्याविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला गेला आहे त्या कंपनीला मात्र करनिर्धारण वर्ष २०१८-१९ पासून तोटा आणि घसारा या दोहोंची बेरीज वजा करता येते. बुडत्या कंपनीच्या पुनर्रचनेसाठी ही सवलत फार मोलाची आहे.

मॅट भरल्यामुळे नेहमीच्या आकारणीतील पुढे ओढायच्या रकमा बदलत नाहीत. त्यांचा तक्ता स्वतंत्र ठेवावा. नेहमीच्या करापेक्षा जास्त भरलेल्या मॅटची जमा (पुढच्या वर्षांच्या करातून वळती करता येणारी रक्कम) कलम ११५जेएए खाली १५ करनिर्धारण वर्षांपर्यंत पुढे नेता येते. सनदी लेखापालाचा नमुना २९बी मधील अहवाल विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी दाखल करायचा असतो, त्यामुळे वर्षवार तक्ता त्यापूर्वीच त्यांच्या हाती द्यावा.