वहीतला चौथा रकाना

आमचा बँड सुरू झाला तेव्हा इन्स्टाग्रामवरचा आकडा म्हणजेच आपला श्रोतृवर्ग, अशी आमची समजूत होती. पुण्यातल्या एका कॅफेत झालेल्या पहिल्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमात ती पार खोटी ठरली. फॉलोअर चार हजारांच्या वर असताना त्या संध्याकाळी तिकीट काढून १९ जण आले, आणि त्यांतले सात आमच्या ड्रमरचे नातलग होते. ठरलेल्या मानधनाला कॅफेवाल्याने कात्री लावली, ते वेगळेच.

पुढच्या कार्यक्रमापासून टी-शर्टच्या टेबलावर आम्ही एक दोनशे पानी वही ठेवू लागलो. नाव, फोन नंबर आणि राहण्याचे ठिकाण यांच्यासाठी तीन रकाने होते. ‘आज कोणते गाणे लक्षात राहिले?’ हा चौथा रकाना आमच्या बासवादकाने उगाच आखला होता, पण सर्वांत जास्त शिकवले ते त्यानेच. आम्ही शेवटी मोठ्या दणक्यात वाजवत असलेल्या गाण्याचे नाव त्यात क्वचितच येई. उलट शेवटच्या पीएमटी बसवरचे जे संथ गाणे आम्ही मधेच उरकून टाकत होतो, ते पानोपानी लिहिलेले सापडले.

ही युक्ती आमची नव्हे. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने १९७१ साली आपल्या अल्बमच्या आत मजकूर छापून चाहत्यांना नाव-पत्ता कळवण्याचे आवाहन केले होते. पुढे १९८३ पासून ते टपालाने स्वतःच तिकिटे विकू लागले आणि १९८४ मध्ये ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी त्यांनी सभागृहात वेगळी जागा राखून ठेवली. इंग्लंडच्या मॅरिलियन या बँडचे उदाहरण तर मला याहून बोलके वाटते. १९९७ साली अमेरिकेच्या दौऱ्याला पैसे नव्हते, तेव्हा चाहत्यांनीच सुमारे ६० हजार डॉलर जमवले. त्याच भरवशावर २००१ चा अल्बम ध्वनिमुद्रित होण्याआधीच १२ हजारांहून अधिक जणांनी विकत घेतला. नावे-पत्ते हाताशी असल्याशिवाय असे काही घडत नाही.

आपल्याकडे हे काम व्हॉट्सअ‍ॅपवर चालते, आणि तिथे एक खाचखळगा आहे. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच पोहोचतो, आणि एका यादीत २५६ जणच मावतात. हे ठाऊक नसल्याने आमचे पहिले निमंत्रण बहुतेकांना मिळालेच नाही. आता वहीत नाव लिहिणाऱ्याला आम्ही तिथल्या तिथे आमचा नंबर सेव्ह करायला लावतो. थोडे आगाऊपणाचे वाटते, पण लोक हसून करतात.

यादी दोनशेपर्यंत गेल्यावर आमच्या अंगात वारे शिरले. दिवसाआड पोस्टर, तालमीचे फोटो, सणासुदीच्या शुभेच्छा असा मारा सुरू झाला, आणि सहा आठवड्यांत चाळीसेक जणांनी आम्हाला नावे काढायला सांगितली. तेव्हापासून महिन्यातून दोनच संदेश जातात, तेही काही सांगण्यासारखे असेल तरच. फुकट पासांबद्दलही माझे मत बदलले आहे. जुन्या श्रोत्यांना पास वाटले की ते पाहुणे होतात आणि पाऊस पडला की येत नाहीत. दोनशे रुपये मोजलेला माणूस भिजत येतो. त्याला द्यायचेच असेल तर नवे गाणे इतरांच्या आधी ऐकवावे, किंवा खरोखरीचे काम द्यावे. आमच्या गीतांचे शुद्धलेखन एक निवृत्त शिक्षिका तपासतात आणि ऱ्हस्व-दीर्घावरून आमची यथेच्छ हजेरी घेतात.

सध्या तिसरी वही चालू आहे. पहिल्या १९ जणांतले एक काका अजूनही येतात आणि चौथ्या रकान्यात गाण्याऐवजी ‘मागे शब्द कळत नाहीत’ असे लिहितात. तीनदा तेच वाचल्यावर आम्ही त्यांना कार्यक्रमाआधी आवाज तपासतो त्या साउंडचेकलाच बोलावू लागलो. ते शेवटच्या रांगेत उभे राहतात आणि त्यांनी हात वर केल्याशिवाय दार उघडत नाही.