जुन्या फायबरच्या यॉटमधली करकर कशी घालवायची
बोट वाऱ्यानं कलली की आतून जुन्या पलंगासारखी करकर येते ना, तर लगेच स्प्रे मारत बसू नका, आधी आवाज कुठनं येतोय ते शोधा. सुकाणू दुसऱ्याकडे द्या, खाली जा आणि एकेका जोडावर बोटं ठेवा, हलतंय ते हाताला कळतंच. लाकडाला लाकूड घासत असेल तर मेणबत्ती चोळा, विषय संपला.

पण बल्कहेड (बोटीच्या आतली आडवी प्लायवुडची भिंत) बोटीच्या बाहेरच्या कवचाला धरून ठेवणारी फायबरची पट्टी सुटली असेल (नाण्यानं टकटक केलं की पोकळ वाजते) तर मात्र खरं काम. मास्टच्या (डोलकाठीच्या) वायरी ढिल्या करा, सुटलेली पट्टी कापा, प्लायला स्क्रूड्रायव्हर टोचून कुजलंय का बघा, मग ४० ग्रिटच्या जाड सँडपेपरनं कोरं फायबर दिसेपर्यंत घासा, अ‍ॅसिटोननं पुसा. मास्क आणि फुल बाह्या हव्याच, मी आळस केला आणि दोन दिवस मान खाजवत बसलो. कोपऱ्यात दाट केलेल्या इपॉक्सीची (दोन भाग मिसळून लावायचं रेझिन) गोलाई भरा, ती ओली असतानाच बायअ‍ॅक्सियल कापडाचे (दोन दिशांना धागे असलेलं फायबरचं कापड) ३ थर द्या, ४, ६, ८ इंच रुंदीचे. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण जुन्या फायबरला तेवढं धरत नाही. मुंबईत पावसाळ्यात बोट वर काढलेली असते, वेळही असतो, पण त्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो, त्यामुळे घासाघासी तेव्हा करा, चिकटवणं पाऊस गेल्यावर.