मॅनिफेस्टेशनची वही भरतीच्या तयारीत कशी वापरावी

साताऱ्यातील आमच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाची वही मध्यंतरी मी पाहिली. ‘मी पोलीस दलात भरती झालो आहे’ हे वाक्य त्याने सकाळी ३, दुपारी ६ आणि रात्री ९ वेळा असे सलग दोन महिने लिहिले होते. हवे ते मिळालेच आहे असे मानून लिहीत राहिले की ते प्रत्यक्षात येते, या समजुतीला ‘मॅनिफेस्टेशन’ म्हणतात. अक्षर टपोरे होते आणि एकाही दिवसाचा खाडा नव्हता. मात्र १६०० मीटर धावायला आपल्याला किती वेळ लागतो, याची एकही नोंद त्या वहीत नव्हती. त्याची चिकाटी अस्सल आहे, आणि ती कामी यावी एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

विचारांमुळे बाहेरची परिस्थिती आपोआप बदलते, याला आधार नाही. विचार बदल घडवतात ते आपल्या हातापायांकरवीच, आणि तेही सगळेच विचार सारखे नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांवर केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला हे जमेल असा अंदाज असणाऱ्यांचे वजन अधिक घटले, पण सडपातळ झाल्याच्या गोड कल्पनांत रमणाऱ्यांचे कमी घटले. यश मनातच उपभोगून झाले की धडपडीची निकड उरत नाही, असे त्यांचे पुढील संशोधन सुचवते. म्हणून वही टाकून देऊ नये. तिच्यात काय लिहायचे ते बदलावे.

पहिल्या ओळीत इच्छा लिहावी, पण ती आपल्या हातातली असावी. ‘भरती व्हावी’ यात जागा किती निघतील आणि इतर उमेदवार कसे धावतील हेही येते. त्याऐवजी ‘चार आठवड्यांत १६०० मीटरची वेळ १५ सेकंदांनी कमी करीन’ असे लिहावे. ते साधल्यावर काय वाटेल, याचे चित्र मिनिटभर डोळे मिटून पाहावे. एवढे पुरे.

खरे काम यानंतरचे आहे. त्या चित्राच्या आड आपल्यातलेच काय येते, हे स्वतःला विचारावे आणि पहिल्या उत्तरावर थांबू नये. हा मुलगा आधी म्हणाला, ‘सर, वेळच मिळत नाही.’ आणखी खोदल्यावर निघाले की रात्री एकपर्यंत मोबाइल हातात असतो, त्यामुळे पाचचा गजर बंद करून तो पुन्हा झोपतो. त्याहून खोल निघाले ते असे, की तिसऱ्या फेरीत दम लागला की मागच्या भरतीत आपण मागे पडलो होतो हे त्याला आठवते आणि पाय आपोआप मंदावतात. ही शेवटची ओळ लिहिताना त्याचा पेन बराच वेळ कागदावर टेकून होता. अडथळा इतका नेमका सापडला पाहिजे.

अडथळा सापडला की ‘जर–तर’चे वाक्य बांधावे, मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनात अशा साध्या योजनांचा चांगला परिणाम दिसला आहे. ‘दहा वाजले, तर मोबाइल आईच्या खोलीत चार्जिंगला लावीन.’ ‘तिसऱ्या फेरीत मागची भरती आठवली, तर फक्त पुढच्या वळणाकडे बघून तिथवर वेग राखीन.’ अठरा वेळा लिहायचेच असेल, तर ही वाक्ये लिहावीत.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा मातीत घडलेल्या त्या मल्लाला मॅटची सवय नव्हती. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. या दोन स्पर्धांमधल्या सरावाकडे मुलांनी पदकाच्या छायाचित्रापेक्षा जास्त वेळ पाहावे, असे मला वाटते.

ही रीत कुठे लावू नये, हेही सांगायला हवे. माण-खटावातला पाऊस कोणाच्या विचाराने पडत नाही किंवा अडत नाही, आणि आजार ‘नकारात्मक विचारांमुळे’ झाला असे कोणी म्हटले तर ते मनाला लावून घेऊ नये. औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. अनेक दिवस झोप, भूक आणि उमेद हरवली असेल, तर वहीऐवजी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे.

बाकीच्यांनी रोज रात्री तारखेपुढे धावण्याची वेळ आणि ‘जर–तर’ पाळले की नाही, एवढेच लिहावे. चार आठवड्यांनंतरही वेळ जागची हलली नाही, तर इच्छा तीच ठेवून अडथळ्याचे पान पुन्हा कोरे घ्यावे.