पागेतल्या चंदीवरची धूळ हलतेय? या चुका टाळा

चंदीच्या, म्हणजे घोड्याच्या दाण्याच्या, पोत्याच्या शिवणीवर पिवळसर-राखाडी भुकटी साठली की घोडा सांभाळणारा मोतद्दार सांगतो, "धूळ शे, भाऊ." त्यातली चिमूटभर काळ्या कागदावर घ्या, बोटांनी टोकदार ढीग करा आणि चहा पिऊन या. ढीग आपोआप बसका झाला असेल तर ती धूळ नाही, कोळी कीड आहे, म्हणजे माइट. साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते, भिंगाशिवाय नीट दिसत नाही. बोटांत चोळली की गोडसर, पुदिन्यासारखा वास येतो. सोंड्या किड्यासारखी दाण्याला भोकं दिसतील म्हणून वाट बघत बसू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "खान्देशात कसली आलीय ओल?" असं धरून चालणं. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो हे खरं, पण कीड गावाची हवा बघत नाही, खोलीची बघते. खोलीतली आर्द्रता 65 टक्क्यांवर आणि दाण्यातली ओल 13-14 टक्क्यांवर गेली की तिचं फावतं. पावसाळ्यात धाब्याच्या छताची माती झिरपते तेव्हा हे कळतं तरी. मला मात्र ती भर मे महिन्यात भेटली. घोडीला गारवा म्हणून कूलर लावला होता, आणि त्याच्या पाठची भिंत चंदीच्या खोलीची. बाहेर लिंबाची पानं करपत होती आणि त्या भिंतीला टेकलेल्या गव्हाच्या कोंड्याच्या पोत्याचा तळ हाताला गार लागत होता. घोडी आठवडाभर तोबऱ्यातून तोंड काढून फुरफुरत होती. मी तिला नखरेल ठरवून वर गूळ कालवत होतो!

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. जुन्या चंदीवर नवी ओतू नका. कोठी रिकामी करा, सांदीकोपरे खरवडा, पूर्ण वाळू द्या. अनुकूल हवेत अंड्यापासून पूर्ण कीड व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात, म्हणून पावसाळ्यात कोंडा पंधरा दिवसांपुरताच आणा. हरभरा एप्रिलच्या उन्हात ताडपत्रीवर कडकडीत वाळवून भरला तर बराच टिकतो.

कीड लागलेला कोंडा चाळून, भाजून घालायचा मोह होतो. मेलेल्या किडीचा चुरा त्यातच राहतो आणि त्यानेही घोड्याला खोकला, खाज सुटू शकते. तो टाकाच. म्हशीपुढेही नको.

आता औषधं. चंदीवर कीटकनाशक फवारू नका, हे सांगायला नको. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पागेजवळ ठेवणं तर जिवाशी खेळ आहे. त्यातून निघणारा वायू माणूस-जनावर बघत नाही, आणि माइटची अंडी त्याला बरीच दाद देत नाहीत. गोठ्यातलं गोचिडीचं ॲमिट्राझ घोड्याला कधीही लावू नका. त्याने आतड्याची हालचाल मंदावते, लीद तुंबते आणि पोटशूळ उठून घोडा दगावू शकतो.

घोडा पाय आपटत असेल, खुरावरच्या केसांत तोंड घालून चावत असेल, तर ती चंदीतली कीड नसावी, खरजेची माइट असू शकते. तिचा इलाज वेगळा. पशुवैद्याला कातडी खरवडून तपासायला सांगा.

सामानाच्या खोलीत दोष बहुतेक वेळा घामाचा असतो. ओलं खोगीर तसंच खुंटीला टांगलं की चामड्यावर बुरशी येते, आणि बुरशीवर कीड जगते. खोगीर घराबाहेर नेऊन बुरशी पुसा. चामडं सावलीत वाळवा, उन्हात ते तडकतं. तेल हलक्या हातानं लावा, चिकट थर राहू देऊ नका. खोगिराखालची गादी आणि झूल 60 अंशांच्या पाण्यात धुऊन थेट उन्हात टाका. सारंगखेड्याच्या यात्रेतून जुनं खोगीर स्वस्तात मिळालं, तर ते दुसऱ्या घोड्याच्या पाठीवर जाण्याआधी गादी उसवून आतला भुगा काळ्या कागदावर झटकून बघा.