टायर रोटेशन करताना या चुका टाळा

टायर गोटा झाल्यावर रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागांची अदलाबदल, आठवून काय उपयोग? दर 8,000 ते 10,000 किलोमीटरला ते व्हायलाच हवं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाचं वजन, गाडीची ओढ आणि वळणं, सगळं पुढच्या दोन चाकांवर येतं. म्हणून ती आधी झिजतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे झीज न बघता नुसती जागा बदलणं. माझ्या मेहुण्याने तेच केलं. रोटेशन अगदी वेळेवर, पण अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन सरळ करून घेण्याचे, पैसे दर वेळी वाचवले. 30,000 ला गाडी माझ्याकडे आली तेव्हा टायर बाहेरून छान दिसत होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून मी पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर तळवा फिरवला. एका बाजूने गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीसारखे दात लागले. मागे गेलेल्या जोडीतल्या एका टायरच्या आतल्या कडेला तर तारा उघड्या पडल्या होत्या. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन, बिघडलेला, आणि हा दर रोटेशनला चांगली जोडी तिथेच नेऊन लावत होता. दोन टायर जायचे ते चार गेले. म्हणून मी चाक काढायच्या आधी चारही टायर हाताने चाचपतो. मधला भाग झिजलाय, तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्यात, तर हवा कमी. एकच कड गेली असेल, तर आधी अलाइनमेंट.

दुसरी चूक नटांची. घाईत नट आवळायच्या गनने एकामागून एक आवळले की चाक वाकडं बसतं. सगळे नट आधी हाताने चढवा, मग समोरासमोरचे आवळा आणि शेवटचा ताण गाडी जॅकवरून उतरवल्यावर द्या. पान्यावर उभं राहून उड्या मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्याने स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, ताणला जातो, आणि पुढे घाटात पंक्चर झाल्यावर तोच नट हलत नाही. 50 ते 100 किलोमीटरनंतर मी पुन्हा एकदा पाना लावतोच.

फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे, मागचे तिरके पुढे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तिरके नेऊ नका. मी काढण्याआधीच खडूने ‘पु. डा.’ (पुढचा डावा), ‘मा. उ.’ (मागचा उजवा) असं लिहून ठेवतो.

हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना पुन्हा भरा. पुढच्या-मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो.

बारकी स्टेपनी रोटेशनमध्ये घेऊ नका. चारही टायरांसारखीच असेल तर जरूर घ्या.

नक्षी खाचेतल्या 1.6 मिमीच्या उंचवट्याला टेकली असेल, तर तो टायर पुढेही नको आणि मागेही नको. नवा घ्या.