लाल दिव्याचा शेक: सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यावर तो घरी कसा घ्यावा

भाताची लावणी आटोपत आली की कोकणातल्या बहुतेक वाड्यांत कंबर धरलेली आणि गुडघे आखडलेली माणसे दिसू लागतात. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून तरवा लावायचा आणि पाऊस पाठीवर घ्यायचा, हे काम शरीर सहजासहजी विसरत नाही. शेक हा त्यावरचा इथला जुना उपाय आहे. तव्यावर गरम केलेला निर्गुडीचा पाला, मिठाची पुरचुंडी, उंडीच्या तेलाचे मालिश हे सारे घरातलेच, आणि तुरळ, राजवाडी किंवा उन्हवरे येथील गरम पाण्याच्या कुंडांवर जाणारेही पुष्कळ आहेत. अलीकडे त्यात अवरक्त किरणांच्या दिव्याची, म्हणजे सगळे ज्याला ‘लाल लाइट’ म्हणतात त्याची, भर पडली आहे. फिजिओथेरपीच्या माझ्या कामात या दिव्याने भाजलेले जे रुग्ण मी पाहिले, त्यांतील बहुतेकांनी दिवा जितका जवळ तितका गुण अधिक, असे मानले होते. म्हणून हा शेक नीट कसा घ्यावा हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम दिव्याचे काम समजून घ्यावे. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवले, तेव्हा लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, पारा अधिक चढला. हेच अवरक्त किरण. त्यामुळे आपल्याला दिसतो तो लाल उजेड औषध नव्हे. ऊब मुख्यतः न दिसणाऱ्या किरणांतून मिळते. हे किरण फार तर काही मिलिमीटर आत पोहोचतात. त्वचा तापली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तपुरवठा वाढतो, आखडलेला स्नायू सैल पडतो आणि दुखण्याची जाणीव काही काळ मंदावते. मान, पाठ, खांदा, गुडघा आणि बोटांचे सांधे यांना म्हणूनच आराम पडतो. खोल असलेल्या खुब्याच्या सांध्यापर्यंत ही ऊब फारशी जात नाही. झिजलेली कूर्चा मात्र कोणत्याही शेकाने भरून येत नाही.

दिवा लावण्यापूर्वी करायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्वचेला ऊब कळते की नाही हे पाहणे. ज्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे त्यांच्या पायांची जाणीव हळूहळू कमी होते, आणि त्यांना स्वतःलाही ते कळलेले नसते. स्टीलच्या दोन पेल्यांपैकी एकात कोमट आणि दुसऱ्यात थंड पाणी घ्यावे, रुग्णाला डोळे मिटायला सांगावे आणि जिथे शेक द्यायचा आहे तिथे आलटूनपालटून पेले टेकवून कोणता कोमट व कोणता थंड हे विचारावे. उत्तरे चुकत असतील तर त्या जागी दिवा वापरू नये, कारण शेक किती द्यायचा हे सांगणारा एकमेव मापक म्हणजे रुग्णाची स्वतःची जाणीव होय.

मुरगळल्यावर किंवा मार लागल्यावर पहिले ४८ तास शेक घेऊ नये. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल, जखम किंवा पू असेल, पोटरीत रक्ताची गुठळी झाल्याची शंका असेल, किंवा त्या जागी कर्करोग असेल, तर शेक वर्ज्य समजावा. गर्भवतींनी पोटावर आणि कंबरेवर तो घेऊ नये. पावसाळ्यात आणखी एक सावधगिरी हवी. शेतात काम करणाऱ्याला ताप आला आणि पोटऱ्या फार दुखू लागल्या, तर तो लावणीचा शीण समजून शेकत बसू नये. ते लेप्टोस्पायरोसिसचे लक्षण असू शकते आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणे आवश्यक आहे.

घरासाठी १५० वॅटचा बल्ब पुरेसा असतो. तो चिनी मातीच्या होल्डरमध्ये, जड बुडाच्या स्टँडवर आणि अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या प्लगवर लावावा. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो, तो वेळोवेळी तपासावा. कौलातून ठिपकणाऱ्या पाण्याखाली किंवा ओल्या पडवीत दिवा कधीही ठेवू नये, कारण तापलेल्या काचेवर एक थेंब पडला तरी बल्ब फुटू शकतो. याच कारणाने दिवा अंगाच्या बरोबर वर न टांगता बाजूने लावावा.

दुखरी जागा उघडी, स्वच्छ आणि कोरडी असावी. तेथील तेल किंवा बाम पुसून टाकावा, जोडवी, बांगड्या, साखळी काढून ठेवावी. अंतर दीड ते दोन फूट ठेवावे. फूटपट्टी नसेल तर कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात मोजावा आणि दिवा त्याहून जवळ आणू नये. अंतर निम्मे केले की त्वचेवर पडणारी उष्णता दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होते. वेळेपेक्षा अंतरावर माझा अधिक भर आहे तो यासाठीच. किरण त्वचेवर शक्यतो काटकोनात पडावेत. मान किंवा खांदा शेकताना तोंड दुसरीकडे वळवावे, कारण या किरणांनी डोळ्यांना इजा होते.

पहिल्या दिवशी १० मिनिटे पुरेत. पुढे १५ ते २० मिनिटे, दिवसातून एकदा किंवा दोनदा. ऊब सुखद वाटली पाहिजे, सोसावी लागता कामा नये. दर पाच मिनिटांनी त्वचा पाहावी. फिकट गुलाबी रंग ठीक आहे. लाल-पांढरे चट्टे दिसले किंवा चुरचुरले, तर दिवा लगेच बंद करावा. रोज जास्त तापवत राहिल्यास त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. शेक घेताना झोपू नये, आणि वयस्कर माणसांजवळ घरातले कोणीतरी बसावे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी नंतर थोडे बसून मगच उठावे, नाही तर चक्कर येते.

दिवा बंद झाल्यावर पुढची काही मिनिटे वाया घालवू नयेत, कारण सैल झालेला स्नायू तेवढाच वेळ आपले ऐकतो. गुडघ्यासाठी पाय पसरून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि मांडी आवळून ती गुंडाळी खाली दाबत पाचपर्यंत आकडे मोजावेत. असे दहा वेळा करावे. कंबरेसाठी उताणे झोपून एकेक गुडघा सावकाश छातीशी आणावा. दोन आठवडे हे नियमाने करूनही फरक पडला नाही, रात्री दुखण्याने झोपमोड होऊ लागली किंवा पायात मुंग्या आणि अशक्तपणा जाणवला, तर शेक थांबवून डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.