प्लॅनिंग सेंटरमधून संदेशमाला बाहेर कशी काढावी

अमेरिकेत मी ज्या मंडळीत जातो तिथे अहमदनगरकडच्या (आताचं अहिल्यानगर) एक मावशी आहेत. दर रविवारी वहीत तारीख, शास्त्रपाठ आणि संदेशातल्या दोन-चार ओळी टिपून घेतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्या बरेच रविवार घरीच होत्या. परत आल्या त्या दिवशी विचारलं, "डोंगरावरील प्रवचनाची पूर्ण मालिका क्रमाने मिळेल का रे? मधले संदेश माझे बुडाले."

माहिती सगळी होती, पण प्लॅनिंग सेंटरमध्ये, एकेका रविवारच्या प्लॅनमध्ये विखुरलेली. अमेरिकेतल्या पुष्कळ मंडळ्या हे सॉफ्टवेअर वापरतात. २००६ साली सुरू झालेली ही कंपनी कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादची. तिच्या 'सर्व्हिसेस' या भागात उपासनेचा क्रम, गाणी, वादक, वक्ता असं सगळं लावता येतं. ही मांडणी येणाऱ्या रविवारसाठी असते. मागे वळून अख्खी मालिका वाचायची, तर ती बाहेर काढावी लागते, आणि त्यासाठी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत पन्नास-साठ ओळींचं एक छोटं टूल पुरतं. पायथॉनची तोंडओळख असेल तर एका संध्याकाळचं काम आहे.

आधी नावं नीट करा

हे काम हाताने करायचं आहे, आणि सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. प्रत्येक प्लॅनला स्वतःचं शीर्षक असतं (बहुतेक ठिकाणी तेच त्या दिवसाच्या संदेशाचं नाव असतं) आणि शिवाय तो एका सिरीजला, म्हणजे मालिकेला, जोडता येतो. एकाने 'डोंगरावरील प्रवचन' लिहिलं आणि दुसऱ्याने 'डोंगरावरचं प्रवचन', की एका मालिकेच्या दोन होतात. माणसाला त्या एकच दिसतात, टूलला दिसत नाहीत. पाळकांसोबत अर्धा तास बसून जुनी नावं एकसारखी करून घ्या. कुठली मालिका कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

टोकन काढा

प्लॅनिंग सेंटरच्या डेव्हलपर पानावर लॉगिन करून 'पर्सनल ॲक्सेस टोकन', म्हणजे टूलला आत शिरायची किल्ली, तयार करा. ॲप्लिकेशन आयडी आणि सीक्रेट अशा दोन गोष्टी मिळतात. टूलमध्ये आयडी युजरनेमच्या जागी जातो आणि सीक्रेट पासवर्डच्या जागी. टोकन ज्याच्या नावाचं, त्याला जेवढं दिसतं तेवढंच टूलला दिसतं. त्यामुळे यादी फारच तोकडी आली, तर आधी त्या व्यक्तीची परवानगी तपासा. सीक्रेट स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (स्क्रिप्टबाहेर, संगणकाच्या सेटिंगमध्ये) ठेवा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. त्या दोन ओळींमागे लोकांची नावं आणि वेळापत्रकं आहेत.

मालिकांची यादी मागा

पायथॉनची 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी घ्या आणि सर्व्हिसेसच्या एपीआयमध्ये (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागायची खिडकी) 'सिरीज' मागा. उत्तर जेसन या मजकुराच्या साच्यात येतं आणि प्रत्येक मालिकेचा आयडी, शीर्षक, चित्र हाती लागतं. ४०१ असं उत्तर आलं तर टोकन चुकलंय.

काही न सांगता मागितलं तर एका वेळी २५ नोंदीच येतात. मागताना 'पर पेज' १०० करा, कारण त्यापेक्षा जास्त मिळत नाहीत. उत्तरातल्या 'लिंक्स'मध्ये 'नेक्स्ट' आहे का ते पाहा. असेल तोवर तो पत्ता उघडत राहायचं. हे राहिलं तर टूल काहीच चूक दाखवत नाही, फक्त बाकीच्या मालिका गुपचूप गळतात. 'मेटा'मधली एकूण संख्या आणि हाती आलेली संख्या जुळते का, हे स्क्रिप्टकडूनच तपासून घ्या.

वीस सेकंदांत १०० विनंत्या ही मर्यादा आहे. ती ओलांडून ४२९ असं उत्तर आलं तर त्याच्या हेडरमध्ये (उत्तरासोबतच्या माहितीत) 'रिट्राय आफ्टर' सांगतो तेवढे सेकंद थांबून पुन्हा विचारा.

प्लॅन आणि वक्ता

आता प्रत्येक मालिकेच्या आयडीने तिचे प्लॅन मागा. क्रम लावायला 'सॉर्ट डेट' वापरा. छापायला 'डेट्स' बरं, कारण ते वाचण्याजोगं असतं. पुढच्या रविवारचे प्लॅनही यात येतात, आजच्या तारखेनंतरचे गाळून टाका.

संदेश कुणी दिला, हे प्लॅनच्या 'टीम मेंबर्स'मध्ये सापडतं. तुमच्याकडे वक्त्याच्या जागेला जे नाव दिलं असेल, त्यावरून गाळणी लावा. आणि इथे स्थिती नक्की पाहा. होकार दिलेल्याची स्थिती 'सी', उत्तर न दिलेल्याची 'यू', नकार दिलेल्याची 'डी'. फक्त 'सी' घ्या. नाहीतर ज्यांनी आजारपणामुळे नकार कळवला त्यांच्या नावावर तो संदेश लागतो, आणि ऐनवेळी उभे राहिलेल्या पाहुण्या पाळकांचं नाव पुसलं जातं. एखाद्याने देवाचं वचन सांगायला रात्रभर तयारी केली असेल, तर त्याचं नाव नीट लागायलाच हवं.

फाइल

मालिका, तारीख, शीर्षक, वक्ता असे चार रकाने सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) लिहा. मराठी शीर्षकं असतील तर एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) 'यूटीएफ-८-सिग' द्या. साधं यूटीएफ-८ दिलं तर एक्सेल बरेचदा 'प्रवचन'च्या जागी भलतीच चिन्हं दाखवतं आणि लोकांना वाटतं फाइल बिघडली. मालिकेचं चित्र हवं असेल तर नुसता दुवा न ठेवता चित्रच उतरवून घ्या.

यादी झाली की ती कशाशी तरी ताडून पाहा. मी मावशींची वही मागून घेतली. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून त्या जेवढे रविवार हजर होत्या, तेवढ्या तारखा एकेक करून जुळवल्या. एक तारीख वहीत होती आणि यादीत नव्हती. त्या रविवारच्या प्लॅनला सिरीज जोडायचीच राहून गेली होती. ती जोडली, टूल पुन्हा चालवलं, आणि मग मोठ्या अक्षरात छापून यादी त्यांच्या घरी नेऊन दिली.